डिस्चार्जच्या कागदावरची शेवटची ओळ

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री आणि मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, राज्य आरोग्य हमी सोसायटी,
महाराष्ट्र राज्य.



पक्षाघाताचा रुग्ण रुग्णालयातून घरी निघतो तेव्हा त्याच्या हातात एक कागद देतात. रक्तदाबाची गोळी, रक्त पातळ ठेवणारी गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, पुढच्या तपासणीची तारीख आणि सगळ्यात खाली एक ओळ: ‘फिजिओथेरपी करावी.’ कुठे करावी, कोणाकडून, किती महिने, आणि त्याचा खर्च कोणी करायचा, यातलं काहीच त्या ओळीत नसतं. गोळ्या रुग्णालयाच्या खिडकीवर मिळतात. या शेवटच्या ओळीसाठी कुठलीच खिडकी नाही. ती असावी, तालुक्याच्या ठिकाणी असावी, आणि तिथे नेमका कोण माणूस बसलेला असावा, हे सांगण्यासाठी मी आपल्याला लिहिते आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. नोकरीतली बहुतेक वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग माझ्याकडे होते. पक्षाघातानं माझी उजवी बाजू गेली. वेळेवर १०८ आली, उपचार वेळेवर मिळाले, जीव वाचला. ज्यांनी वाचवला त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पुढे पाय हळूहळू उठला. हात मागे राहिला. पुष्कळांचं असंच होतं. माणूस काठी टेकत का होईना चालू लागला, की घरचे म्हणतात, देवाची कृपा. शेजारी म्हणतात, बऱ्या झाल्या बाई. आणि तपासणीला गेलं की डॉक्टरही चालणं पाहून मान हलवतात. त्या दिवसापासून हाताची चौकशी कोणी करत नाही.

हात जातो म्हणजे नेमकं काय जातं, ते आधी सांगते. मूठ मिटणं लवकर परत येतं, उघडणं येत नाही. बोटं आत वळतात, नखं तळहातात रुततात. तळहात धुवायचा तर दुसऱ्या हातानं एकेक बोट उलगडावं लागतं. थंडी वाजली, घाई झाली, कोणी टक लावून पाहू लागलं, की मूठ आणखी आवळते. ब्लाउजचे हुक, निऱ्यांची पिन, केसांची वेणी हे सगळं दुसऱ्याच्या हाती जातं. भाकरी थापायला दोन हात लागतात आणि दोन्ही वेगवेगळं काम करतात: एक थापतो, दुसरा कडेनं सावरत फिरवत राहतो. कुकरचं झाकण, गोळ्यांची पट्टी, एसटीत कंडक्टरनं दिलेली चिल्लर. बँकेत सही जुळेना, तेव्हा पगाराच्या खात्यासाठी मला अंगठा उठवावा लागला. ज्या बाईनं गावातल्या शेकडो मुलांना सही करण्याइतकं अक्षर शिकवलं, तिचा अंगठा. त्या दिवशी मी घरी येऊन कोणाशी बोलले नाही.

आणि खडू. खडू धरायला अंगठा आणि दोन बोटं लागतात, असं मला वाटायचं. खडू धरण्याआधी खांद्याला हाताचं ओझं पेलावं लागतं, कोपराला हवेत स्थिर राहावं लागतं, मनगटाला मागे वळून टिकावं लागतं. एवढं सगळं जमलं, तर मग बोटांचं काम सुरू होतं. फळ्यावर एक ‘अ’ काढायला किती स्नायूंनी एकमेकांचं ऐकावं लागतं, हे वर्षानुवर्षं फळ्यासमोर उभी राहूनही मला माहीत नव्हतं. माहीत असण्याची गरजच कधी पडली नव्हती.

मेंदूचा जो भाग मेला तो परत येत नाही. पण त्याच्या शेजारचा जिवंत भाग काम शिकून घेऊ शकतो, हे आता सिद्ध आहे. १९९६ साली रँडॉल्फ नुडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवरच्या अभ्यासात दाखवलं, की इजेनंतर हाताला बारीक कामाचा सराव दिला तर मेंदूतली हाताची उरलेली जागा टिकते. सराव नसेल तर तीही आक्रसते. माणसाच्या बाबतीत एडवर्ड टॉब या मानसशास्त्रज्ञानं आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. पहिल्या आठवड्यांत दुखावलेला हात काहीही करायला गेला की फसतो. मग चांगला हात सगळी कामं उचलतो. पुढे दुखावलेल्या हातात थोडी ताकद आली तरी तो वापरायचा असतो हेच माणूस विसरलेला असतो. यावर त्यांनी काढलेला उपाय २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एक्साइट’ या मोठ्या चाचणीत तपासला गेला. झटक्याला तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण त्यात होते. ज्यांना हा उपचार दिला त्यांचा चांगला हात दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक वेळ जाड हातमोज्यात ठेवला आणि दुखावलेल्या हाताकडून दिवसाचे कित्येक तास खरीखुरी कामं करून घेतली. त्यांच्या हातात पडलेला फरक वर्षभरानंतरही टिकून होता. मनगट आणि बोटं थोडी तरी मागे वळू शकणाऱ्यांनाच यात घेतलं होतं. ज्यांच्या हातात तेवढीही हालचाल नाही त्यांच्यासाठी वाट वेगळी आणि लांब आहे, आणि ती कोणापासून लपवू नये.

सरावाचं प्रमाण हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. २००९ साली कॅथरीन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका-कॅनडातल्या पुनर्वसन केंद्रांत बसून प्रत्यक्ष मोजणी केली. एका सत्रात दुखावलेल्या हाताकडून उपयोगाची हालचाल सरासरी किती वेळा करून घेतली जात होती? ३२ वेळा. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत मेंदू बदलताना दिसला, तिथे दिवसाला शेकडो वेळा सराव होता. श्रीमंत देशांतल्या सुसज्ज केंद्रांची ही गत असेल, तर महिन्यातून एकदा जिल्ह्याच्या गावी जाऊन दहा मिनिटं हात हलवून घेणाऱ्या आमच्या माणसाच्या वाट्याला काय येत असेल?

मला जे मिळालं ते योगायोगानं मिळालं. एका नातेवाइकाच्या ओळखीनं शहरातल्या एका मोठ्या शिक्षण-रुग्णालयाच्या व्यवसायोपचार विभागात मी पोचले. तोपर्यंत असा विभाग असतो हे मला ठाऊक नव्हतं. फिजिओथेरपिस्ट सांधे, ताकद, तोल, चालणं पाहतात. व्यवसायोपचार करणारे हाताला त्याची रोजची कामं परत शिकवतात. दोघांची गरज असते. आमच्या तालुक्यात पहिले खासगीत फी देऊन मिळतात, दुसरे मिळतच नाहीत.

तिथल्या मॅडमनी पहिल्या दिवशी हात पाहिला आणि विचारलं, “या हातानं तुम्हाला काय करायचंय?” मी म्हटलं, खडू धरायचाय. त्यांनी वहीत ते लिहून घेतलं. खडू मात्र लगेच दिला नाही. टेबलावर घडी घातलेलं फडकं ठेवलं आणि दोन्ही हातांनी ते पुढे सरकवायला लावलं. पुढे, मागे, तिरपं, पुन्हा पुढे. कितीतरी दिवस तेच. मग रिकामा पेला उचलून फळीवर ठेवणं. मग तांदळाच्या डब्यात लपवलेली नाणी डोळे मिटून चाचपून काढणं, कारण बोटांना स्पर्शही नव्यानं ओळखावा लागतो. कपडे वाळत घालायचे चिमटे दोरीवर लावणं. कापसाच्या वाती वळणं. वाती पहिल्यांदा जमल्या तेव्हा त्या इतक्या वेड्यावाकड्या होत्या, की निरांजनात लावता आल्या नसत्या, तरी मी त्या घरी घेऊन आले. मग रांगोळी. रांगोळीची चिमूट धरायला आणि ती थोडी थोडी सोडायला जो ताबा लागतो, तोच खडूला लागतो, असं मॅडम म्हणाल्या. माझ्या प्रगतीचा अंदाज त्या ठिपक्यांच्या आकारावरून घेत. सुरुवातीला ठिपके नव्हतेच, ढीग होते. शेवटी खडू आला, स्पंजची पट्टी गुंडाळून जाड केलेला, तिरक्या ठेवलेल्या पाटीवर.

रात्री बोटं वळून राहू नयेत म्हणून त्यांनी माझ्यासमोर स्प्लिंट बनवला. प्लॅस्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ केला आणि माझ्याच हातावर दाबून आकार दिला. बाजारातला तयार पट्टा प्रत्येक हाताला बसत नाही. तो बनवण्यासाठी शिकलेला माणूस जवळ लागतो.

मला या पत्रात सगळ्यात जास्त जे सांगायचंय, ते त्या खोलीबद्दल आहे. ती खोली साधी होती. दोन लांब टेबलं, एक आरसा, लाकडी खुंट्या, ठोकळे, फडकी. आरसाही उपचाराचा: चांगला हात आरशासमोर हलवायचा, दुखावलेला आरशामागे ठेवायचा, आणि प्रतिबिंबाकडे पाहत दोन्ही हलवायचा प्रयत्न करायचा. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी कापलेल्या अवयवाच्या वेदनेसाठी ही कल्पना १९९०च्या दशकात वापरली, पुढे ती पक्षाघाताच्या रुग्णांकडे आली. लागतो तो घरातला साधा आरसा. त्या टेबलांभोवती आम्ही सगळे एका वेळी बसलेले असायचो. एक ट्रकचालक होते, त्यांना गिअरचा दांडा धरायचा होता. गजरे करून विकणाऱ्या एक मावशी होत्या. एक गवंडी होते. थापी धरायची म्हणत आणि खरीखुरी थापी पिशवीत घेऊन येत. मॅडमनीही ती टेबलावर मांडली, वाळूचं घमेलं मागवलं आणि सराव त्या थापीनंच करून घेतला.

हे सगळे एकमेकांचे हात पाहत असत. माझ्या अंगठ्याकडे माझं लक्ष नसताना समोरून गवंडीदादा म्हणाले, “बाई, अंगठा बाहेर आला बरं का आज.” मी पाहिलं तर खरंच आला होता. घरी सगळे म्हणत होते, मनावर घ्या, होईल सगळं, हिंमत सोडू नका. ते मायेनं म्हणत होते, पण त्यातलं कोणीही माझ्या अंगठ्याकडे पाहत नव्हतं. गवंडीदादा पाहत होते, कारण त्यांचाही अंगठा आतच अडकलेला होता. धीर देणं आणि बरं वाटावं म्हणून बोलणं यातला फरक मला त्या खोलीत कळला. ज्याला हाताचं नीट कळतं आणि जो कालचा हात आठवून आजच्याबद्दल बोलतो, त्याचंच बोलणं आत पोचतं. मॅडम ठरावीक दिवसांनी ठोकळ्यांची चाचणी घेत: मधल्या आडफळीवरून एका मिनिटात किती लाकडी ठोकळे पलीकडे टाकता येतात. आकडा वहीत लिहीत आणि मागचा आकडा दाखवत. तो लहान असे, पण मागच्यापेक्षा मोठा असे. क्वचित कमी भरला, तर तसंही सांगत आणि झोप झाली का विचारत.

हा धीर औषधासारखा मोजला गेला आहे. २०१० साली ब्रूस डॉबकिन आणि अनेक देशांतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १७९ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. सगळ्यांना नेहमीचेच उपचार दिले. फरक इतकाच, की निम्म्यांचा चालण्याचा वेग रोज घड्याळ लावून मोजला, तो त्यांना सांगितला आणि कौतुक केलं. उरलेल्यांना वेग सांगितला नाही. घरी जाताना पहिल्या गटाचा वेग सेकंदाला सरासरी ०.९१ मीटर होता, दुसऱ्याचा ०.७२. यंत्र वाढवलं नाही, गोळी वाढवली नाही. अभ्यास चालण्याचा होता हे मला कळतं, पण हाताच्या बाबतीत मी जे अनुभवलं ते याच्याशी पूर्ण जुळतं. आणि पक्षाघातानंतर साधारण तीनांतल्या एका माणसाला नैराश्य येतं. नैराश्य आलेला माणूस फडकं शंभर वेळा सरकवत नाही. त्याच्याकडून ते करून घेणारं कोणीतरी समोर बसलेलं लागतं.

पहिलीच्या मुलाला अक्षर गिरवायला आम्ही जसं शिकवतो, तसंच हे आहे. त्या मुलाला पहिल्या दिवशी पाटी देऊन, “घरी सराव कर आणि वर्षानं दाखव,” असं कोणी सांगत नाही. त्याच्यासाठी गावात शाळा आहे, रोजची वेळ आहे, शेजारी बसणारी मुलं आहेत, आणि हात धरून ‘क’चं वळण गिरवून घेणारी बाई आहे. सरकारनं प्रत्येक वाडीवर हे नेऊन पोचवलं, म्हणून मुलं लिहू लागली. हाताला दुसऱ्यांदा लिहायला शिकायचं असतं तेव्हा मात्र शाळा दुसऱ्या जिल्ह्यात असते.

त्या शाळेपर्यंत पोचणं हीच मोठी गोष्ट. माझ्याबरोबर माझी जाऊ यायची. पहाटेची एसटी, शहरात उतरून रिक्षा, विभागाची वेळ संपेपर्यंत थांबणं, परतीची एसटी, घरी अंधार. तिचं शेतातलं काम बुडायचं ते वेगळंच. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. त्या सवलतीनं आम्हाला किती हात दिला हे मी मोकळेपणानं सांगते. गवंडीदादांना पूर्ण तिकीट, आणि सोबत येणाऱ्या बायकोची रोजी बुडणार. ते मध्येच यायचे थांबले. पुढे त्यांची बायको एकदा कागदासाठी आली, तेव्हा म्हणाली, दोघांचीही मजुरी गेली तर खायचं काय. थापी त्यांनी घरी खुंटीला टांगून ठेवली आहे, असंही म्हणाली. त्यांच्या हातात सुधारणा होत होती. वहीत आकडे होते.

बायांच्या बाबतीत घर आणखी लवकर थांबतं. सून आहे, मुलगी आहे, आता त्यांना काय करायचंय उजव्या हाताचं, असं समोरासमोर बोललं जातं. बाई स्वतःही मग तेच म्हणू लागते. गजरेवाल्या मावशींना धाकट्या मुलानं हट्टानं आणलं नसतं, तर त्या घरीच बसल्या असत्या.

आपल्या खात्यातून यावर एक उत्तर येऊ शकतं: घरच्यांनाच प्रशिक्षण देऊ, पुस्तिका छापू, व्हिडिओ पाठवू. हे उत्तर स्वस्त आहे आणि ऐकायला पटतं, म्हणून त्याबद्दल लिहिते. ते भारतातच तपासून झालं आहे. ‘अटेंड’ नावाच्या चाचणीत देशातल्या १४ रुग्णालयांमधले १२५० रुग्ण होते. निम्म्यांच्या घरच्या माणसाला पुनर्वसनाचं पद्धतशीर शिक्षण दिलं आणि पुढे घरीच करून घ्यायला सांगितलं. निकाल २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. सहा महिन्यांनी मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचं प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के होतं. घरच्यांनी कष्टांत कसूर केली असेल असं मला वाटत नाही. माझ्या जावेनं काय केलं ते मी पाहिलं आहे. पण कधी पुढचं कठीण काम द्यायचं, कधी थांबवायचं, खांदा ओढला जातोय की काय, हे तिनं कुठून ओळखायचं? अशक्त हात धरून माणसाला उठवल्यानं खांदा दुखावू शकतो, हे तिला मॅडमनी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. घरचे मदतनीस व्हावेत. त्यांच्यावर सगळं सोपवून खात्यानं मोकळं होऊ नये.

उपचार न मिळणारा माणूस मग कुठे जातो हेही आपण पाहावं. तेलानं रगडून घेतो. कबुतराचं रक्त चोळतो. आमच्याकडून काही जण राजस्थानात नागौर जिल्ह्यातल्या बुटाटीच्या देवस्थानाला जातात. तिथे पक्षाघाताचे रुग्ण सात दिवस राहतात आणि सकाळ-संध्याकाळ परिक्रमा करतात. जाणाऱ्यांना मी अडाणी म्हणणार नाही. तिथे त्यांना त्यांच्यासारखीच माणसं भेटतात, दिवसाला ठरलेली वेळ मिळते, रोज चालायला मिळतं, आणि आपण बरे होऊ असं म्हणणारं कोणीतरी भेटतं. यातली प्रत्येक गोष्ट तालुक्याच्या रुग्णालयात द्यायला हवी होती. ती तिथे नाही, म्हणून आमची माणसं कर्ज काढून हजार किलोमीटर जातात.

आपल्या राज्याला ही विद्या नवी नाही. भारतातली व्यवसायोपचाराची पहिली शाळा मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० साली सुरू झाली. ती कमलाबाई निंबकरांनी सुरू केली. जन्मानं अमेरिकन, लग्नानंतर मराठी घरातल्या झालेल्या या बाईंनी हे शास्त्र शिकून घेतलं आणि इथे रुजवलं. १९५५ साली हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था उभी राहिली. जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशिर अँटियांनी कुष्ठरोगानं वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया केल्या. त्यांच्या आधी वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी हे काम सुरू केलं होतं. त्या शस्त्रक्रियेत एका कामाची कंडरा सोडवून दुसऱ्या कामाला जोडतात. मग बोटाला नव्या कंडरेनं हलायला शिकवावं लागतं. ते शिकवणं नसेल तर शस्त्रक्रिया वाया जाते, हे त्या पिढीला पक्कं ठाऊक होतं. आणि वरोऱ्याजवळच्या आनंदवनात बाबा आमट्यांनी ज्यांच्या बोटांना स्पर्शही उरला नव्हता अशा माणसांना मागावर आणि सुतारकामाला बसवलं, एकट्या-दुकट्याला नाही, शेजारी शेजारी. आज केईएम, सायन, नायर आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून व्यवसायोपचाराचे पदवीधर बाहेर पडतात. त्यातले पुष्कळ परदेशी जातात, उरलेले मोठ्या शहरांत राहतात. तालुक्यात त्यांच्यासाठी पदच नसेल तर ते येतील कुठून?

माझं मागणं असं आहे. प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात व्यवसायोपचार तज्ज्ञाचं एक नियमित पद निर्माण करावं आणि त्याला एक खोली द्यावी. कंत्राटी पद अकरा महिन्यांचं असतं. हाताचं काम त्यात बसत नाही, आणि माणूस बदलला की रुग्णाची वहीही बदलते. खोलीला वातानुकूलन नको, महागडं यंत्र नको. टेबलं, आरसा, ठोकळे, स्प्लिंटचं साहित्य, गरम पाण्याची सोय आणि सोबतच्या माणसाला बसायला बाक. गटानं सराव व्हावा अशी वेळ असावी. एकेकाला पडद्याआड दहा मिनिटं देऊन पाठवण्याची पद्धत तिथे येऊ नये.

आरोग्य हमी सोसायटीकडे माझी वेगळी विनंती आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला आता वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. ही मोठी गोष्ट आहे. पण योजना मुख्यतः भरती झालेल्या माणसाभोवती बांधलेली आहे. खाट सोडली की रुग्ण तिच्या बाहेर पडतो, आणि हाताचं खरं काम तिथूनच सुरू होतं. पहिल्या काही महिन्यांत सुधारणेचा वेग सगळ्यात जास्त असतो. त्या काळातली बाह्यरुग्ण सत्रं, रुग्ण आणि सोबत्याचं एसटीभाडं आणि मजुराला बुडालेल्या रोजीची थोडी भरपाई, एवढं पॅकेजमध्ये आणावं. अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळाल्यावर सवलती मिळतात. त्या चांगल्या आहेत, पण त्या उशिरा येतात. भाडं आधी लागतं, हात सुधारत असताना.

हात मोजावा, अशीही मागणी आहे. प्रमाणपत्रासाठी किती टक्के गेलं हे मोजतात. किती परत आलं, याची सरकारी कागदावर कुठेच जागा नाही. डिस्चार्जच्या दिवशी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी दुखावलेल्या हातानं काय करता येतं याची साधी नोंद ठेवावी आणि जिल्ह्याच्या आढावा बैठकीत ती वाचली जावी. पक्षाघातातून वाचलेल्यांची संख्या तिथे वाचली जाते, तिच्याच शेजारी ही यावी. आणि डिस्चार्जच्या कागदावरची ती शेवटची ओळ बदलावी. तिच्या जागी केंद्राचं नाव, वार, वेळ आणि तिथे भेटणाऱ्या माणसाचं नाव असावं. एवढ्यासाठी तर अर्थसंकल्पाचीही वाट पाहायला नको.

माझी नोकरी राहिली. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यामुळे नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापना काढून टाकू शकत नाही. मी आज शाळेत जाते. वर्गात अक्षर काढते, हळू काढते, फळ्याच्या खालच्या अर्ध्यात काढते, कारण खांदा अजून त्याहून वर जात नाही. मुलांना ते वाचता येतं. गवंडीदादांना असा कुठला कायदा नव्हता आणि खोली लांब होती. त्यांच्या आणि माझ्या हातात सुरुवातीला फारसा फरक नव्हता, हे मी वहीतल्या आकड्यांवरून सांगू शकते.

मार्चच्या अधिवेशनात खात्याच्या मागण्यांवर चर्चा होते. त्या मागण्यांत या पदांसाठी तरतूद यावी. सगळे तालुके एकदम होणार नाहीत, हे मला समजतं. घाटावरचे, विदर्भातले, मराठवाड्यातले जे तालुके शिक्षण-रुग्णालयांपासून सगळ्यात लांब आहेत, तिथून सुरुवात व्हावी. आमच्या तालुक्याला ही खोली मिळाली तर आठवड्यातून एक दुपार मी तिथे येऊन टेबलाशी बसेन आणि नव्यानं आलेल्यांच्या बोटांकडे पाहीन. माझ्या ओळखीचे तसे आणखी दोघे-तिघे आहेत, तेही येतील. मानधन नको. खोली रोज ठरल्या वेळी उघडावी आणि तिथे नेमलेला माणूस हजर असावा.

कळावे,

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका